चौऱ्याऐंशी पावलं

बिनबा दरवाजाच्या कमानीखाली डाव्या हाताला एक काळसर दगड आहे. आजूबाजूची फरसबंदी खरबरीत, पण हा दगड मधोमध तळहाताएवढ्या जागेत गुळगुळीत झालेला. नीरजाने वाकून त्यावर बोट फिरवलं. झीज म्हणावी इतका खोलगटपणा नव्हता, नुसती चकाकी होती. सकाळचं ऊन तिरपं पडलं की तिचा आकार स्पष्ट दिसे: टाच नाही, फक्त चवडा. आठ वर्षांत लाखो डाव्या पायांनी तो दगड घासला होता. त्या सगळ्या पायांना एकाच माणसाच्या आवाजाने सांगितलं होतं, ‘डावा पाय या काळ्या दगडावर ठेवा, अनं निघा.’

चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. हवेतली काजळी गेली, रोजगारही गेला, आणि शहराने आपल्या गोंड राजांच्या परकोटाकडे नव्याने पाहिलं. आता जानेवारीच्या थंडीत रोज हजारभर माणसं शहराला वेढणाऱ्या या तटबंदीवरून चालायला येत. त्यांच्यासोबत वाटाड्या नसे. दरवाजापाशी खिडकीवर वाटाण्याएवढं यंत्र मिळे, ते कानामागे चिकटवायचं आणि ऐकत चालायचं. त्या यंत्राला आणि त्या चालण्यालाही लोक ‘कानवाट’ म्हणत.

कानवाट पावलं मोजते. त्याला कारण होतं. उंच भिंतीलगत आणि कमानींखाली उपग्रहाचे संकेत अडतात, माणूस नेमका कुठे आहे ते दहा-पंधरा फुटांनी चुकतं. सिंहाच्या शिल्पाची गोष्ट गटारापाशी ऐकू आली तर काय उपयोग? म्हणून नीरजाच्या संस्थेने दुसरा मार्ग काढला. टाच जमिनीवर टेकली की तिचा ठोका हाडांतून वर चढत कानामागे पोहोचतो. यंत्र तो ऐकतं, त्या माणसाचं पाऊल किती लांब ते ठरवतं आणि पुढचं अंतर त्याच्याच पावलांत सांगतं. उंच माणसाला ‘इथून एकोणऐंशी पावलं’, ठेंगण्याला ‘इथून अठ्ठ्याण्णव’. प्रत्येकाला शहर त्याच्या स्वतःच्या मापाचं.

हे सगळं नीरजाने रचलं होतं. आणि तरीही, खिडकीवरच्या मुलीने पुढे केलेलं यंत्र आज तिने कानाला न लावता पर्सच्या कप्प्यात टाकलं.

गेल्या तीन वर्षांत तिने ते एकदाही लावलं नव्हतं.

*

दौलतराव सिडाम कमानीपलीकडच्या ओट्यावर बसून होते. वय एक्काहत्तर, अंगात तपकिरी स्वेटर, कानामागे यंत्र, मांडीवर गाठी मारलेल्या सुती दोरीचं भेंडोळं. चाळीस वर्षं त्यांनी याच परकोटावर लोकांना फिरवलं होतं. कानवाटेतला आवाज त्यांचा होता. ‘इथून इतकी पावलं’ ही सांगण्याची पद्धतही त्यांचीच. गेल्या वर्षभरात त्यांनी संस्थेला अकरा पत्रं पाठवली होती. अकराव्यात दोनच वाक्यं होती. ‘यंत्र माझ्या आवाजात खोटं बोलते. हे थांबवा, नाहीतर माझा आवाज मला परत करा.’

“तुम्हीच का त्या मोठ्या मॅडम?” त्यांनी नीरजाकडे न पाहता विचारलं. ते तिच्या पायांकडे पाहत होते. “बसा. चहा सांगू का?”

“चहा नंतर घेऊ. आधी तक्रार समजून घेते.”

“तक्रार सोपी आहे जी. ह्या काळ्या दगडापासून त्या पायऱ्यांपर्यंत, जिथून वर परकोटावर चढतो, चौऱ्याऐंशी पावलं. बाकीच्यांची किती असतील ते त्यांचं त्यांनी पाहावं. माझी चौऱ्याऐंशी. चाळीस वर्षं चौऱ्याऐंशी. तुमचं यंत्र आलं तेव्हा त्यानंही मले चौऱ्याऐंशीच सांगतलं. मी घरी जाऊन बायकोले म्हटलं, हुशार आहे बाप्पा.”

“आणि आता?”

“आता सत्त्याण्णव म्हणते.” त्यांनी भेंडोळं तिच्या हातात ठेवलं. “हे पहा. दर हाताला गाठ. मी दहा वर्षांआधी मोजून ठेवलं होतं, आता परत मोजलं, तीनदा. अंतर एका गाठीनंही वाढलं नाही. दगड तोच, पायऱ्या त्याच, दोरी तीच, मी तोच. मग खोटं कोण बोलते? यंत्र!”

नीरजाने दोरी हातात फिरवली. गाठी सारख्या अंतरावर होत्या, मोजणी तीनदा केली होती, जे बदलू शकतं ते एकेक करून तपासलं होतं. तिच्या हाताखालचे कितीतरी विद्यार्थी इतकं करत नसत. एकच गोष्ट दौलतरावांनी न मोजता गृहीत धरली होती.

ती गोष्ट त्यांनी विचारल्याशिवाय तिला सांगायची नव्हती.

कानवाट सुरू झाल्यावर दोन वर्षांनी नोंदी चाळताना एक बाब पुढे आली होती. निरोगी माणूस चालतो तेव्हा दोन ठोक्यांमधला वेळ जवळजवळ सारखा असतो. काहींच्या बाबतीत तो किंचित, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका, पुढेमागे होत होता. डोळ्यांना किंवा डॉक्टरांना ते कळणं शक्य नव्हतं. पण त्यांतल्या बहुतेकांना पुढच्या दोन वर्षांत कंपवात झाला. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी चालण्याचा ताल सुटतो. या तालाला नीरजाने ‘पदलय’ असं नाव दिलं. आजार बरा होत नाही, पण लवकर औषध सुरू केलं तर चांगली वर्षं लांबवता येतात. ज्याने जितका उशीर केला, त्याची तितकी गेली.

मग प्रश्न उभा राहिला. फिरायला आलेल्या माणसाला न विचारता हे सांगायचं का? वर्षभर वाद झाला आणि कायदा आला, अज्ञानाच्या हक्काचा. प्रत्येकाची पदलय यंत्र मोजेल, पण कुलूपबंद ठेवेल. शास्त्रज्ञांनासुद्धा ती दिसणार नाही. ज्याची त्याला हवी असेल तर त्याने पूर्ण नाव घेऊन, मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने मागायची. तेव्हाच कानवाट सांगेल, फक्त त्याच्याच कानात. आणि त्या वेळी शेजारी दुसरं माणूस असलंच पाहिजे. हे शेवटचं कलम नीरजाने आग्रहाने घालून घेतलं होतं. हे कुणी एकट्याने ऐकू नये, असं ती तेव्हा म्हणाली होती.

“चला, आपण चालून पाहू,” ती उठली.

“तुमचं यंत्र?”

“आहे पर्समध्ये. मी तुमच्याबरोबर चालते.”

दौलतरावांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि डावा पाय काळ्या दगडावर ठेवला.

*

त्यांच्या पुढे सहा-सात जणांचा घोळका होता. चालण्याचे बूट नवे आणि साड्या जरीच्या, हे काही फिरायला आलेलं कुटुंब वाटत नव्हतं. पायऱ्यांपाशी पोहोचताच त्यांच्यातल्या एका जाड भिंगांच्या बाईंनी एका मुलीला कोपराने ढोसलं.

“रुचिता, तुले किती सांगतलं?”

“नव्वद, मावशी.”

“अनं प्रणय, तुले?”

मुलगा घुटमळला. “ब्याण्णव.”

“अगं बाई! पुरुषाचं ब्याण्णव?” मावशींचा स्वर एकदम खाली आला. “सत्तावीस वय म्हणता ना हो तुम्ही?”

“उंची कमी आहे त्याची,” मुलाची आई घाईघाईने म्हणाली. “बूटही नवे आहेत. चावून राहिले त्याले.”

घोळका पायऱ्या चढून गेला, पण आता त्यात दोन भाग पडले होते.

“पाहिलं?” दौलतराव म्हणाले. “हप्त्यात चार-पाच स्थळं येतात अशी. आधी पत्रिका पाहत, आता पाय पाहतात. पत्रिका बरी होती जी. खोटी तरी करता येत होती.”

नीरजाला हसू आलं नाही. “पण त्या आकड्याचा आजाराशी संबंध नाही. ती नुसती पावलाची लांबी आहे. पदलय वेगळी. ती कुलूपबंद आहे.”

“लोकांले कुलूप दिसते. कुलूप दिसलं की आत काय असंल ते लोक स्वतःच ठरवतात.” ते पायऱ्यांपाशी थांबले. “सत्त्याण्णव. आजही सत्त्याण्णव म्हणालं, माझ्याच आवाजात. ऐका मॅडम, अकरा दिवस मले खोलीत बसवून तुम्ही एकपासून पाचशेपर्यंत आकडे म्हणायले लावले. मले वाटलं, एवढे आकडे कायले लागतात? आता समजलं. माझ्याकडून बोलून घेतले, अनं माझ्यावरच फिरवले.”

“दौलतराव,” ती सावकाश म्हणाली, “तुम्ही दगड मोजला, पायऱ्या मोजल्या, दोरी मोजली.”

“हाव.”

“आणि काय मोजायचं राहिलं?”

वर तटावरून मावशींचा आवाज अजून येत होता. दौलतरावांनी दोरीचं भेंडोळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, पुन्हा पहिल्या हातात घेतलं.

“ते मी मोजणार नाही,” ते शेवटी म्हणाले. “माझ्या मोठ्या भावाले होता तो रोग. शेवटी चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. मले माहीत आहे मी तुम्हाले पत्रं काहून लिहिली. भीती वाटली की माणूस यंत्राले शिव्या देते.”

अकरा पत्रांचा अर्थ नीरजाला तेव्हा पूर्ण कळला. ती पायरीवर बसली.

“मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. मला तुमची पदलय दिसतही नाही. पण शास्त्र सांगू शकते. तुम्ही दसऱ्याला ढोल वाजवता?”

“बारा वर्षांचा होतो तेव्हापासून.”

“समजा म्हातारपणी हात थकला. ठोका कसा पडेल?”

“हळू. लहान. लांब जाणार नाही आवाज.”

“पण ठेका?”

“ठेका कसा सुटंल? तो हातात नसते, तो...” ते थांबले. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

“पावलाची लांबी म्हणजे ठोका. तो वयाने लहान होतो, गुडघ्याने होतो, चपलेनेही होतो. पदलय म्हणजे ठेका. दोन्ही वेगळी. त्या सत्त्याण्णववरून काहीच कळत नाही, बरंही नाही आणि वाईटही नाही. कळून घ्यायचं असेल तर मागावं लागतं. नसेल घ्यायचं तर तुमचा हक्क आहे, कुणी जबरदस्ती करणार नाही.”

“अनं मागायचं तर शेजारी माणूस पायजे.”

“मी आहे.”

दौलतराव उभे राहिले. शाळेत कविता म्हणायला उभा राहिलेला मुलगा हात बाजूला सरळ ठेवतो, तसे त्यांनी ठेवले.

“मी, दौलत लच्छू सिडाम. माझी पदलय मले सांगावी.”

नीरजाला काहीच ऐकू आलं नाही. कानवाट फक्त त्यांच्याशी बोलत होती. तिला दिसत होता तो त्यांचा चेहरा. डोळे मिटलेले, ओठही मिटलेले. त्या मिटलेल्या ओठांतूनच जणू त्यांचा आवाज त्यांना काही सांगत होता. अहवाल सांगायला वेगळा आवाज घ्यावा, असं कुणीतरी बैठकीत सुचवलं होतं. ओळखीचा आवाज धीर देतो, असं म्हणून तिनेच ते नाकारलं होतं. ज्याचा तो आवाज आहे त्याचं काय, हे तिला सुचलं नव्हतं.

मग ते हळूच खाली बसले आणि त्यांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

“म्हणे, लय शाबूत आहे. पाऊल आखूड झालं ते वयानं.” ते हसले. “एक्काहत्तर वर्षांचा झालो, हे मले सांगायले माझ्याच आवाजाले यावं लागलं. बायको तीन वर्षांपासून सांगून राहिली, तिचं नाही ऐकलं.”

*

ते परकोटावर चढले. एका बाजूला कौलं आणि गच्च्या, दुसऱ्या बाजूला इरई नदीकडे उतरत गेलेलं रान. खाणींचे जुने ढिगारे आता हिरवे झाले होते. दौलतराव हलके झाल्यासारखे बोलत होते. बोलता बोलता ते वळले आणि तिच्याकडे तोंड करून उलटे चालू लागले. कडेला वीस फूट खोल असताना त्यांचं पाऊल जरासुद्धा चुकत नव्हतं.

“पडाल!” ती म्हणाली.

“चाळीस वर्षं असाच चाललो जी. लोकांकडे पाठ करून गोष्ट कशी सांगणार? अनं उलटं चाललं की माणसं येताना दिसतात. तोंडं मी विसरतो. चाल नाही विसरत. नऊ वर्षांआधी तुम्ही पहिल्यांदा आल्या, साहेब लोकांबरोबर, तेव्हाही मी तुमच्यापुढे असाच चालत होतो.”

“आठवतं.”

“तेव्हा तुमचे दोन्ही हात हलत होते.”

नीरजाचं पाऊल थांबलं. तेही थांबले.

“मी सकाळपासून पाहून राहिलो. डावा हात तुमचा अंगाले चिकटून आहे. उजवा हलते, डावा नाही.”

“पर्स आहे त्या खांद्यावर.”

“पायऱ्यांवर तुम्ही पर्स मांडीवर घेतली होती. उठल्यावर उजव्या खांद्याले लावली. अजून उजवीकडंच आहे.”

तिने पाहिलं. पर्स उजवीकडे होती.

दूर तटाच्या वळणावर मघाचा घोळका दिसत होता. मुलगी पुढे, मुलगा मागे, दोघांमध्ये मोठी माणसं. वारा नव्हता. शहरात कुठेतरी शाळेची घंटा झाली.

“मी साधा वाटाड्या आहे,” दौलतराव खालच्या आवाजात म्हणाले. “चुकत असंल माझं. तुमच्या कायद्यात आहे, न विचारता सांगू नये. पण तो कायदा यंत्राले आहे ना? माणसाले आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. “माणसाला घालता आला नाही.”

मग कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिने त्यांना सांगितली, शब्द मोजत, एखादी नोंद वाचून दाखवावी तशी. ती चोवीस वर्षांची होती. आई घरात चालायची तेव्हा डाव्या सपातेचा आवाज उजवीपेक्षा किंचित लांबायचा. तिने तो ऐकला, ओळखला आणि वर्षभर काहीच बोलली नाही. आईला भीती वाटेल म्हणून, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे तिलाच भीती वाटत होती. तो कंपवातच होता. पुढे सगळं आयुष्य तिने दोन ठोक्यांमधला वेळ मोजण्यात घालवलं. आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, तिला तोच आवाज ऐकू आला. किंवा आला असं वाटलं. त्या दिवसापासून तिने कानवाट लावली नाही, घरात सपाता घातल्या नाहीत. ती अनवाणी चालते, म्हणजे काही ऐकू येत नाही.

“तीन वर्षं,” दौलतराव म्हणाले. “अनं औषध जितकं लवकर...”

“हो. ते मीच लिहिलंय. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर.”

“घरी कोणी?”

“मुलगी आहे, नागपूरला. तिला बोलवावं लागलं असतं शेजारी उभं राहायला. तिला बोलावलं म्हणजे तिला कळलं. म्हणून नाही मागितलं.” ती किंचित हसली. “ते कलम मी घातलं तेव्हा मला वाटलं होतं, मी लोकांवर दया करतेय.”

दौलतरावांनी दोरीचं भेंडोळं स्वेटरच्या खिशात कोंबलं आणि हात मोकळे केले.

नीरजाने पर्सच्या कप्प्यातून यंत्र काढलं. ते चिकटवायला तिने उजवा हात वापरला, मग तिच्या लक्षात आलं की डावा हात मोकळा असूनही तो वर आला नव्हता. “खालपासून चालते,” ती म्हणाली. “लय ठरायला निदान तेवढं अंतर लागतं.”

ते दोघं उतरून कमानीपाशी आले. तिने डावा चवडा त्या चकाकीवर ठेवला. चकाकी थंड होती, बुटातूनही तसं वाटलं. कानात आवाज आला, आठ वर्षांपूर्वीचा, भरदार: ‘डावा पाय या काळ्या दगडावर ठेवा, अनं निघा. इथून एक्क्याण्णव पावलं.’ तिच्यापुढे त्याच आवाजाचा धनी ओठ मिटून, तिच्याकडे तोंड करून, उलटा चालत होता. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती पावलं मोजत राहिली, कारण मोजणं तिला येत होतं. साठ. सत्तर. तिने डावा हात मुद्दाम हलवून पाहिला. दहा पावलांनी तो आपोआप थांबला. ऐंशी. नव्वद. एक्क्याण्णवाव्या पावलाला पायरी आली. आकडा बरोबर होता.

दौलतराव एक पायरी वर चढून उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही, मान हलवली नाही. नुसते उभे राहिले, साक्षीदाराने राहावं तसे.

तिने दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला. तो तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला आणि तटाच्या भिंतीवर आपटून परत आला.

“मी, नीरजा वामन पळसुले. माझी पदलय मला सांगावी.”